जिन्यातल्या चपला

शनिवारी संध्याकाळी सहानंतर
मला घराबाहेर पडायचं तर उडी मारावी लागते.
वर बेहरेबाईंकडे कार्यक्रम असतो,
आणि त्यांच्या दारात मावत नाहीत म्हणून
चपला एकेक पायरी उतरत माझ्या उंबऱ्याशी येतात.

मी पीएमटीत कंडक्टर होतो, एकतीस वर्षं.
मुंडकी मोजायची खोड जात नाही.
आता पाय मोजतो, भागिले दोन.
सतारवाल्या मुलाला सव्वीस.
पानशेतच्या पुराच्या आठवणी सांगणाऱ्या आजोबांना एकेचाळीस.
कवितांना नऊ; त्यातले दोन जोड कवीच्या घरचे,
एक बायकी, एक इवलासा,
टाच टेकली की लाल दिवा लागणारा.

वर मी कधी गेलो नाही.
बोलावलं नाही असं नाही. बाई जिन्यात भेटल्या की म्हणत,
"पायगुडे, तिकीट नाही हो आमच्याकडे."
म्हणूनच. बिनतिकिटाचं बसायची सवय नाही.

पण छत कुठे तिकीट विचारतं?
कथक झालं तेव्हा माझ्या पंख्यानं ठेका धरला,
पोपडे पडले आमटीत.
तानपुरा लागला की माझा फ्रिज गप्प व्हायचा.
तो तसाही बंद पडायचा,
पण मी ती त्याची रसिकता धरून चाललो.
एकदा नाटकाचं वाचन होतं. कुणी बाई तीनदा म्हणाली,
"मी दार उघडणार नाही."
चौथ्यांदा काय म्हणाली ते कुकरच्या शिट्टीत गेलं.
आठ वर्षं झाली.
उघडलं का तिनं, मला माहीत नाही.

मैफल सुटली की अर्धी मंडळी
कोपऱ्यावर ओझांच्या अमृततुल्यला उभी.
खरी समीक्षा तिथे. क्रीमरोल बुडवत कुणी म्हणे,
"निषाद जरा कमीच लागला."
शेजारी उभा मीही मान हलवी,
निषाद कितव्या स्टॉपवर येतो ते ठाऊक नसताना.

आता मीटरच्या पेटीवर नोटीस लागली आहे.
आमचे तीन मजले पाडून बारा.
लिफ्ट, आणि पुस्तिकेत एक 'बहुउद्देशीय सभागृह',
ज्यातल्या चित्रात दोन गोरी माणसं
पट्ट्यावर पळताहेत, कुठेही न पोचता.
बाई मुलाकडे बावधनला. मी हडपसरला, भाड्यानं.
अडीच वर्षं, म्हणतो बिल्डर. बिल्डरची अडीच.

काल शेवटचा शनिवार.
चपला थेट खाली, पार्किंगमधल्या स्कूटरीपर्यंत.
एकशे बारावर मोजणं सोडलं.
माझ्याच दारात माझ्या काढल्या,
रांगेत नीट लावल्या
आणि अनवाणी एक मजला चढलो.
आपला जिना इतका गार आहे
हे बावीस वर्षांत पायांना कुणी सांगितलं नव्हतं.

वर बसायला जागा नव्हती. ओट्याला टेकून उभा राहिलो.
हॉल माझ्याच मापाचा, खिडकी तिथेच,
फक्त सोफा गॅलरीत उभा करून ठेवलेला,
शिक्षा केल्यासारखा.
गात कोण होतं, नाव कळलं नाही.
माझं लक्ष फरशीकडे:
हिच्याखाली माझी खुर्ची, माझा फ्रिज,
आज पहिल्यांदा माझ्याशिवाय ऐकताहेत.

मध्यंतरात बाईंनी कॉफी हातात दिली.
म्हटलं, "एक विचारू? त्या नाटकातल्या बाईनं दार उघडलं का?"
कुठलं नाटक, हे त्यांनी विचारलं नाही.
"चौथ्यांदा ती काही बोलतच नाही, पायगुडे.
नुसती उभी राहते. तिथेच संपतं.
तेवढ्यात खालून तुमचा कुकर वाजला.
आम्हाला सगळ्यांना वाटलं,
शिट्टी नाटकातलीच आहे.
टाळ्या थांबेनात."

खाली आलो तर माझा जोड कुणीतरी घालून गेलेलं.
उरलेला एक नंबर मोठा.
तोच चढवला,
आणि फटक फटक करत ओझांकडे निघालो.