सव्वीस पौंड

तीन तिघाडा, काम बिघाडा,
लेक म्हणाली फोनवर, शिकागोहून, हसत.
मी म्हटलं, तिवई कधी डुगडुगत नाही, बाई.
कागदाची घडी सरकवावी लागते
ती चार पायांच्या टेबलाखाली.

घोट्यात स्क्रू बसल्यापासून
सिग्नलला पाय टेकवायचा म्हटलं की पोटात गोळा येतो.
म्हणून ही घेतली. पुढे एक, मागे दोन,
जांभळाच्या डागासारखा रंग,
व्हॅलेंटाइनच्या जुन्या पोस्टमास्तरकडून.

शेजारचा आर्लिस जन्मभर ट्रॅक्टरची चाकं बदलत आला.
उकिडवा बसला की त्याचे गुडघे वाजतात.
म्हणतो, मोटरसायकल रस्त्यावर एक रेघ ओढते,
तुझी ही तीन.
खिळ्याला तिप्पट संधी.
पुढच्या चाकानं चुकवलास
तर मागचं एखादं वेचेल, कोंबडीनं दाणा वेचावा तसा.

स्टेपनी नाही हिला. ठेवणार कुठे?
आकड्याला टांगूनही नेता येत नाही,
सपाट पाठीचा ट्रक लागतो,
तो येणार नॉर्थ प्लॅटहून, आला तर,
आणि त्याला बोलवायला
थेडफर्डच्या अलीकडे फोनला रेंज लागते कुठे?
तिथे नुसतं गवत. टेकडीमागे टेकडी,
एक पवनचक्की, आणि गाई,
ज्यांना हवा भरता येत नाही.

मग डिकीत एकेक वस्तू गेली.
बुटका जॅक, कारण पोटाखाली जागा चार बोटं.
जॅकखाली घालायला फळी,
नाहीतर वाळूत गाडी वर यायच्या ऐवजी
जॅकच खाली जातो.
बॅटरीवर चालणारा पंप, डब्याएवढा, आवाज गिरणीएवढा.
पक्कड. साबणाच्या पाण्याची बाटली.
आणि रबरी वाती, तपकिरी, चिकट.
समईच्या वातीसारखीच बोटांत वळावी लागते,
फक्त इथे पेटवायचं काही नसतं,
विझू द्यायचं नसतं एवढंच.

बाजूच्या भिंतीला चीर गेली तर
वात घालू नकोस, आर्लिस म्हणाला.
तिथे बसून राहा.
डबा उघड, खा काहीतरी.

एका रविवारी त्यानं जुना टायर आणून ठेवला
आणि हातोडी माझ्या हातात दिली.
मार खिळा.
एकसष्ट वर्षांत जाणूनबुजून
काहीच फोडलं नव्हतं मी.
पहिला घाव घसरला.
दुसऱ्याला आत गेला,
उपसला तर फुस्स,
कुणीतरी खूप वेळ धरून ठेवलेलं बोलून टाकावं तसं.
भोक किसलं, वात कोंबली, साबण लावला.
बुडबुडा आला. पुन्हा.
चौथ्या खेपेला नाही आला.
आर्लिसनं टोपी मागे सरकवली, हेच त्याचं प्रशस्तिपत्र.

त्याचं हवा मोजायचं घड्याळ म्हणतं अठ्ठावीस, माझं सव्वीस.
खरं कुठलं?
तो म्हणाला, कुणास ठाऊक.
एकाशी इमान ठेव.

मग मी निघाले.
सकाळचे सहा, त्र्याऐंशी नंबरचा रस्ता, वारा डावीकडून.
थेडफर्डला कॉफी, तिथूनच परत.
एकशे तीस मैल, आणि काही म्हणजे काही झालं नाही.
खोटं कशाला बोलू, थोडी हिरमुसले.
सगळी जय्यत तयारी
डिकीत बसून राहिली,
न आलेल्या पाहुण्यांच्या पानांसारखी.

संध्याकाळी अंगणात चाकं पुसताना
फडका अडकला.
उजवं मागचं. खाचेत एक चकचकीत टिकली,
रस्त्यानं घासून रुपयासारखी गुळगुळीत.
खिळाच. कधीचा, कुठला, कोण जाणे.
हवा मोजली. सव्वीस.
ज्यानं भोक पाडलं
तोच बूच होऊन बसला होता,
मैलोन् मैल, माझ्या वजनाखाली.

आर्लिसच्या खिडकीत दिवा आहे.
हाक मारली तर येईल, गुडघे वाजवत.
पक्कड हातात आहे,
वात वळून तयार.
खिळा इतका शांत बसलाय
की उपसावा की नाही,
मी फळीवर बसून बघत राहिले आहे.