आठपट

ग्रिम्स्बीत थंडीला खाऱ्या माशांचा वास असतो.
मिस्टर ऑर्मरॉड, वय एकाहत्तर,
चाळीस वर्षं बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात,
कॉम्प्रेसरच्या शेजारी.
त्यांच्या कानांचा आलेख मीच काढला मंगळवारी:
तीन हजारांपर्यंत बरा,
पुढे कडा. सरळ खाली.

तरी त्यांनी मला घरी बोलावलं, ऐकायला.

कॉम्प्युटर जिन्याखालच्या कपाटात, कोटांच्या मागे,
पंख्याचा आवाज नको म्हणून.
भिंतीला भोक पाडून वायर बैठकीत.
"सीडीवर सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर ठिपके.
मी आठपट करतो."
म्हणजे दर दोन ठिपक्यांमध्ये सात नवे,
कुणीच न वाजवलेले,
हिशेबाने जागेवर बसवलेले.

फिल्टर निवडण्यात त्यांचा एक अख्खा हिवाळा गेला.
काही फिल्टर म्हणे घाव पडण्याआधीच
किंचित झिणझिणतात.
"ते नको. आधी घाव, मग नाद,"
आणि मांजराला त्यांनी मॉरीनच्या खुर्चीवरून उठवलं,
मला बसायला.

चेलो लागला.
एकदा साधा, एकदा आठपट.
मी डोळे मिटले, अगदी प्रामाणिकपणे.
माझे कान चौतीस वर्षांचे, आलेख सपाट,
आणि दोन्ही मला सारखेच.

"इथे," ते पुढे झुकले,
"गज टेकवण्याआधी श्वास घेतो बघा तो."
माझ्या आलेखाप्रमाणे तो श्वास
त्यांच्यापर्यंत पोचायलाच नको होता.
तो दोन्ही वेळा होता.
पहिल्यांदा मी ऐकला नव्हता, एवढंच.

मिरजेत अब्बा तंबोऱ्याची जवारी काढतात.
घोडीवर कानस,
मग तारेखाली सुती दोरा,
केसभर पुढे, केसभर मागे,
समोर गिऱ्हाईक मांडी अवघडून बसलेलं.
दोऱ्याला स्वतःचा सूर नसतो.
तरी एका जागी तार उघडते, नि दुकान भरून जातं.
गिऱ्हाईक मान डोलावतं, पैसे मोजतं.
कळलं का, असं अब्बा विचारत नाहीत.

मिस्टर ऑर्मरॉड विचारतात.
"फरक कळला?"

दवाखान्यात मी खोटं बोलत नाही,
पण हा दवाखाना नव्हता.
"पुन्हा लावा," म्हटलं.

त्यांनी लावला.
कोटांच्या मागून, एवढं सगळं करूनही,
पंख्याची बारीक शीळ येत होती.
मला.
त्यांना नाही.