मधे दांडा नसलेली

दुकानदार म्हणाला, बसून बघा.
बसले नाही. आधी पाय उचलून बघितला.
उजवा. टाक्यांच्या शिवणीचा,
वाळिंबे डॉक्टरांनी "जपून हं" म्हणत
परत दिलेला.
वीतभर उचलला, पलीकडे ठेवला.
झालं.
आमच्या बाथरूमचा कठडासुद्धा
याहून उंच आहे.

मग शौनक नावाचा पोरगा आला,
व्होल्ट सांगू लागला, वॅट सांगू लागला,
एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर.
मी विचारलं, बॅटरी निघते का?
दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही,
आणि पार्किंगमधल्या प्लगवरून
देवस्थळींशी मागच्या दिवाळीपासून
बोलणं बंद आहे.
किल्ली फिरवून त्यानं ती हातात दिली.
तीन लिटर दुधाएवढी.
चालेल.

पहिलीवर वाकावं लागत होतं,
सतत कुणाची तरी माफी मागत असल्यासारखं.
दुसरीवर नुसते अंगठे टेकत होते.
नळ स्टॉपच्या सिग्नलला मला उभं राहायचंय, बाळा,
नाचायचं नाहीये.
तिसरीचं हँडल आपणहून जवळ आलं,
खुर्चीच्या हातांसारखं.
दोन्ही तळपाय जमिनीवर. सपाट.
पाठीला पहिल्यांदा कुणी काही विचारलं नाही.

ऋजुताचा फोन. हिंजवडीहून, मीटिंगच्या मधे.
"आई, रिक्षा कर ना गं."
बरं, म्हटलं, आणि ठेवला.

बाबांची सायकल चोवीस इंची.
रात्रपाळी करून खडकीच्या फॅक्टरीतून आले
की ते झोपायचे,
आणि दुपारी दोन ते चार ती माझी.
दांड्यावरून पाय जायचा नाही,
म्हणून दांड्याखालून.
सायकल एकीकडे कललेली, मी दुसरीकडे,
परकराला ग्रीस, पोटरीला चेनचे दात,
आणि पायडल अर्धंच, वर-खाली, वर-खाली.
अख्खा खडकी बाजार
मी तिरका पाहिलाय.

मग विलासचा पाय दांड्यावरून जायला लागला.
मला कुणी काही बोललं नाही.
फक्त एके दिवशी
सीट वर केलेली होती.

"काकू, चढावर नेऊन बघता?"
लॉ कॉलेज रस्ता संपतो तिथून
सेनापती बापट रस्त्याचा चढ लागतो.
पायीसुद्धा मी तिथे दोनदा थांबते,
भेळवाला दिसला की बरं वाटतं, निमित्त मिळतं.
पायडल मारलं.
गुडघा वर आला, कट् म्हणाला,
आणि पुढे गेला.
पूर्ण फेरा.
मी पुन्हा मारलं, खात्री करायला.

मागून कुणीतरी ढकलतंय असं वाटून
वळून बघितलं.
शौनक पार खाली, फुटपाथवर, मोबाइलमध्ये मान घालून.
ही मोटर फुकट काही देत नाही.
पाय हलला तरच हात लावते.
एवढा व्यवहार मला समजतो,
छत्तीस वर्षं पतपेढीत काढलीत.
स्कार्फ बांधलेली एक मुलगी स्कूटरवरून
हॉर्न वाजवत गेली.
मीही घंटी वाजवली.
गरज नव्हती.

उतरताना ब्रेक दोन्ही हातांनी नीट लागले.
परत आल्यावर हिशेब केला :
पुढे बास्केट हवी, दोन जुड्या मेथी
आणि एक कलिंगड मावेल एवढी.
मागच्या चाकाला जाळी, साडीसाठी.
करड्या रंगाचीच शिल्लक आहे? असू दे.
आरशाचे पैसे वेगळे लावू नका.

आणि सीट सगळ्यात खाली घ्या.
अजून. अजून थोडी.
आता घट्ट करा.
एवढी घट्ट, की दुसऱ्या कुणाला
वर करता येऊ नये.

शौनक हसला. त्याला वाटलं, गंमत.
पाना सापडेना त्याला.
मी म्हटलं, शोध, मला घाई नाही,
आणि तिला धरून
तिथेच उभी राहिले,
एक पाय अलीकडे, एक पलीकडे.