टोपणनाव

येवगेनीला ळ म्हणता यायचा,
तेवढ्यावरच भार्गवकाका पाघळले.
खेतवाडीतल्या इराण्याकडे तीन गुरुवार,
चौथ्याला पेडर रोडवर, खारवलेली काकडी
आणि एक टोपणनाव: कोळी.
जाळं विणणारा की टाकणारा,
विचारायचं राहून गेलं.

काकांनी दिलं काय?
गोदीतल्या बोटींची नावं, पेपरात छापून आलेली.
संमेलनातली भांडणं.
एक अपुरी कथा.

परवा तिकडची फाईल उघडली.
कुणीतरी मराठी करून पाठवलं:
कोली. उत्साही. उपयोग शून्य. संपर्क बंद.

ळ तिकडे पोचलाच नाही.

काकू म्हणाल्या, उपयोगाचं मला ठाऊक होतं.
पण गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून जायचे,
आणि परत यायचे ते
आपल्याला कुणीतरी वाचलंय
अशा चेहऱ्याने.