कोरांटी

पणजा कागदावर अंगठा द्यायचा,
त्यामुळे कागद त्याच्याबद्दल काही सांगत नाहीत.
सांगायची ती त्याची लेक, बाबांची आत्या, बामाय,
कळव्याच्या ओट्यावर जवळा निवडता निवडता.

खाडीच्या अल्याड, आता पंपहाऊस आहे तिथं
बांबूच्या तट्ट्यांची छावणी होती.
गाठीच्या तापाची सालं.
गाडी थांबवायची, माणसं उतरवायची,
काखा वर करा. जांघ दाखवा.
मग दहा दिवस.
त्या दहा दिवसांना गोरा डॉक्टर जे म्हणायचा
ते कुणाच्या जिभेवर बसेना.
लोकांनी त्याची कोरांटी केली.
"भाऊ कुठं तुजा?" "कोरांटीत हाय."
जणू कुंपणात धोतर अडकलंय,
सोडवून घेईल, येईल.

पणजा, जोमा पोशा, तीन आणे रोजावर कपडे उकळायचा.
तांब्याचा हंडा, तिवराचं सरपण,
आणि औषध असं की डोळ्यांना धार लागावी.
त्यामुळे तिथं रडतंय कोण
ते ओळखू यायचं नाही, म्हणे.

वाकळ आली की जाळात. हुकूम होता.
नगरकडच्या एका बाईनं, राही तिचं नाव,
वाकळ सोडली नाही.
नवरा आधीच गिरणीत. पत्ता तोंडपाठ:
भायखळा, पिंपळाजवळ.
(भायखळ्यात पिंपळ किती, तिला कोण सांगणार.)
"आईची चार लुगडी हायेत हिच्यात."
पणज्यानं शिपायाकडं पाहिलं.
शिपाई विडी पेटवत होता, पेटत नव्हती.
तेवढ्यात वाकळ हंड्यात.

रंग सुटला. अख्ख्या डब्याचे कपडे,
बंड्या, धोतरं, एका भटजीचा पंचा,
गुलाबी निघाले.
इथं बामाय हसायची, दर वेळी,
जवळ्याचा हात कपाळाला लावून.
पणज्याचा आठवड्याचा रोज कापला.

आणि राही?
"अकराव्या दिशी गेली ना."
गेली म्हणजे?
"गेली म्हंजे गेली."
आपल्या भाषेत हा शब्द दोन्हीकडं चालतो
आणि बामायनं कधी एक बाजू धरली नाही.

वाशीच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये, पुठ्ठ्याच्या खाटेवर
मीही दहा दिवस काढले. खाट दोनशे सत्तावीस.
शेजारी धनबादचा एक फिटर, सुखदेव मुर्मू.
घरी काय सांगू, विचारत होता, कुठं आहे म्हणून?
मी म्हटलं, सांग, कोरांटीत.
त्यानं फोनवर तसंच सांगितलं.
पलीकडून बाईचा आवाज आला:
हे स्टेशन ठाण्याच्या आधी लागतं
की नंतर?