पोत्याची वेळ

गोडोलीच्या उतारावर आमची बाग,
म्हणजे घर आणि कंपाउंडच्या मधली साडेअकरा फूट माती.
त्यात पाण्याची टाकी, एक मोडकी लुना,
उरेल ते माझं.

शब्बीर बागवानच्या नर्सरीत मी सरळ सांगितलं,
मला लवकर फुलणारं काही नको.
सप्टेंबरात सगळं जग कासला जातं,
यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची शेपटी लागते,
तेव्हा माझ्या वाफ्याकडे कोण बघतंय?
पठार वाळलं, माणसं पांगली,
की मग माझ्याकडे काहीतरी असावं.
आणि दरसाल बी पेरायला लावणारंही नको,
गुडघे राहिले नाहीत तसे.

तो म्हणाला, भाभी, मग सोनटक्का टाकीपाशी,
त्याला ओल लागते.
कोरांटी कुंपणाला, काट्यांसकट.
आणि शेवंती. पिवळी नको, पिवळी सगळ्यांकडे असते.
ही विटकरी घ्या. उशिरा येते,
पण आली की महिनाभर हलत नाही.
पेपरात गुंडाळून बारा मुनवे दिले,
तेरावा फुकट.

फाल्गुनात लावले. खाली विटांचे तुकडे,
साताऱ्याचा पाऊस मुळं कुजवतो.
श्रावण सरेपर्यंत शेंडे खुडत राहिले.
शेजारच्या हौसाताई भिंतीवरून म्हणायच्या,
अगं, वाढू दे की बिचाऱ्यांना.
मी खुडायचेच. एकाचे चार होतात
हे पटवायला नऊ महिने लागतात.

सोनटक्का भाद्रपदात आला, रोज तिन्हीसांजेला.
कोरांटी तुळशीच्या लग्नाला.
शेवंतीच्या सात रोपांना मार्गशीर्षात कळ्या,
उरलेली सहा हिरवीगार, ठणठणीत,
गप्प.
शेणखत घातलं, आंबट ताक घातलं, बोललेसुद्धा.
शब्बीर आला. रोपांकडे बघितलंच नाही,
वर बघितलं:
नगरपालिकेचा नवा दिवा, पांढराफेक,
बरोबर त्याच कोपऱ्यावर.
भाभी, हिला रात्र लागते. लांब, सलग.
हिला वाटतंय, अजून उन्हाळाच आहे.

हे वीज मंडळात एकतीस वर्षं वायरमन.
बामणोलीच्या पलीकडे खांबाखांबाने उजेड नेला,
एका घरी पहिला बल्ब लागला तेव्हा
म्हातारी त्याला हळद-कुंकू लावायला स्टुलावर चढली,
ही गोष्ट मी किती वेळा ऐकली ते विचारू नका.
रिटायर झाल्यापासून टीव्हीसमोर,
बागेत पाऊल नाही.
जेवताना मी दिव्याचं सांगितलं.
ऐकलं की नाही, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात चार बांबू.
बारदानाची पोती उसवून, दाभणाने जोडून
हे खाली वाकलेले.
ड्युटीची एक जुनी वही निघाली, मागची पानं कोरी.
पोते टाकले १८.०२.
पोते काढले ०७.१०.
मी हसले. मग हसले नाही.
माणसाने आयुष्यभर अंधारात तार ओढली
आणि आता रोज संध्याकाळी
सहा झाडांना अंधार पोचवायला निघतो,
तसाच, चप्पल बदलून, वेळेवर.

पौषात एका रात्री अख्ख्या गोडोलीची लाईट गेली.
अशा वेळी हे आधी खिडकीशी,
समोरच्यांची गेलीय का बघायला,
मग फोन, मग जुन्या साहेबांच्या नावाने चार शब्द.
त्या रात्री बॅटरी घेऊन थेट बागेत.
पोतं काढलं, घडी घातली,
बॅटरी विझवली, लुनाच्या सीटवर बसले.
आज उघडी राहू दे, म्हणाले.
फोन केला नाही कुणाला.
मी शाल नेऊन दिली आणि उभी राहिले थोडी.
अजिंक्यताऱ्याची कड त्या दिवशी कळत होती.

वहीत आहे:
सप्लाय बंद २०.४०. रोपे उघडी. पोते नाही.

माघात सहातली पाच आली,
विटकरी, जरा बुटकी.
सहावी अजून विचार करतेय.
हे सहाला उठतात, चप्पल बदलतात,
तिच्या एकटीवर पोतं टाकून येतात.