दानत

न्यायमंदिराच्या मागच्या जिन्याखाली
एकवीस वर्षं माझं टेबल होतं.
जुन्या मराठी कागदांचं गुजराती करायचं,
पानाला चार रुपये, मोडी असेल तर सहा,
आणि प्रत्येक पानाखाली तीच ओळ:
‘मूळ मजकुराशी इमान राखून केलेला हा तरजुमा खरा असे.’
त्या ओळीचा मी रबरी शिक्काच करून घेतला.
रोज हातानं इमान कोण लिहीत बसणार?

वहीच्या मागच्या पानांवर
फावल्या वेळात क्रियापदं टिपायचो.
अब्रू जाते. घेतात, लुटतात, वेशीवर टांगतात.
‘अब्रू आली’ असा कागद
एकवीस वर्षांत हाती पडला नाही.
इमान विकतात.
शब्द देतात, टाकतात, फिरवतात,
क्वचित कुणी त्याला जागतो,
म्हणजे बाकीचे झोपलेले असणार.
‘प्रामाणिकपणे सांगतो’ अशी सुरुवात दिसली
की मी समासात पेन्सिलीनं टिंब द्यायचो.
दहात आठदा टिंब बरोबर निघे.

उत्तरायणाच्या आदल्या आठवड्यात
अमीन वकिलांचा माणूस पत्र घेऊन आला.
शितोळ्यांचं, अठ्ठेचाळीस सालचं, निळी शाई उडालेली,
आणि लाल पेन्सिलीच्या चौकटीत एवढंच:
‘त्रिकम कंसाऱ्याची दानत नाही.’
इतकंच करा, म्हणाला, साहेबांना घाई आहे.
मी केलं.
दानतचं दानत.
दोन्हीकडे तोच शब्द, काना नाही की मात्रा बदलायची नाही.
शिक्का मारला, चार रुपये घेतले,
संध्याकाळी मांडवीत पोरासाठी मांजा रंगवून घेतला.

आता आपल्याकडे दानत नसणं म्हणजे
वर्गणीची पावली काढताना
हात खिशात अडकणं.
तिकडे दानत म्हणजे नियत.
ती नाही म्हटली
की माणूस दुसऱ्याचं गिळायलाच बसलेला.
कोर्ट तिकडचं वाचत होतं.
त्रिकमचा मुलगा हसमुख दुकान हरला.
निकालात लिहिलं होतं, बुडवायचा इरादा बापापासूनचा.

मग मी ते पत्र पहिल्यांदा सबंध वाचलं.
लाल चौकट वाक्याच्या मध्यात सुरू झाली होती.
तिच्या आधी: ‘भाडे दर महिन्याच्या दोन तारखेस चोख येते.
फक्त गणपतीच्या वर्गणीला’

कुमुद म्हणाली, शब्द तर तोच ना,
मग तुमची चूक कुठली?
हे वाक्य मला नऊ दिवस पुरलं.
दहाव्या दिवशी दुरुस्तीचा अर्ज दिला.
शिरस्तेदार हसला. म्हणाला, शिक्का आहे की खाली, इमानाचा.
अमीन वकील हसले नाहीत.
महिन्याभरात यादीतून माझं नाव गेलं.
अपिलाचं विचारू नका, ते चालूच आहे.

हसमुखला सांगायला गेलो.
भाड्याच्या खोपटात पातेल्याचा पोचा काढत होता.
हातोडी थांबली नाही.
मी सगळं सांगितलं, दोन्ही अर्थ, लाल चौकट,
चार रुपयेसुद्धा.
ठक ठक चालूच.
मग एकदम म्हणाला, ‘फाळो केटलो हतो?’
वर्गणी किती होती?
पत्रात आकडा नाही, मी म्हणालो.
त्यानं गल्ल्यातून पाचाची नोट काढली,
तिच्यावर पितळेचा कीस होता, तो फुंकला.
‘बापानुं बाकी ना रहे.’

दांडिया बाजारच्या मंडळात मी ती भरली.
पावती फाडणारा पोरगा विचारू लागला,
काका, नाव?
त्रिकम कंसारा.
आणि कशाबद्दल लिहू?

मला दोन भाषा येतात.
म्हटलं, ते कोरंच राहू दे.